नाव एकच, गावं अनेक : जॅक्सन

आपल्या मराठी आडनावांची एक गंमत आहे. आपल्याकडे माणूस गावाचं नाव लावतो. चिपळूणचा तो चिपळूणकर, पंढरपूरचा तो पंढरपूरकर. माणूस पोट भरायला कुठेही गेला तरी गाव आडनावात बांधून नेतो. आमच्या बडोद्यातच बघा ना. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांच्या दारावरच्या पाटीवर कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या गावाचं नाव आहे. घरातल्या चार पिढ्यांनी ते गाव पाहिलेलंही नसतं. गणपतीत घरी गुजराती शेजारी आले की त्यांना मराठीत वाढायचं आणि गुजरातीत आग्रह करायचा. आडनाव मात्र अजूनही त्या न पाहिलेल्या गावाचंच.

अमेरिकेत हा प्रकार बराचसा उलटा आहे. तिथे गाव माणसाचं नाव लावतं. वॉशिंग्टन, लिंकन, मॅडिसन, ह्यूस्टन, ऑस्टिन ही आधी माणसं आणि मग शहरं. एकच नाव इतक्या गावांना दिलं गेलंय की तिथे नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, मागे राज्याचं नाव जोडावंच लागतं. आपल्याकडे रामपूर म्हटल्यावर 'कुठलं रामपूर?' असं विचारतात, तसंच.

आज अशाच एका नावाबद्दल लिहिणार आहे : जॅक्सन. त्याचं निमित्तही घरचंच आहे. माझ्या मामेबहिणीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त अमेरिकेत जॅक्सनला गेला. ही बातमी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि दिवसभर नुसता धुमाकूळ. एक काका म्हणाले, "म्हणजे मायकेल जॅक्सनचं गाव!" शेअरबाजारात रमणारा एक भाऊ म्हणाला, "अरे वा, दर ऑगस्टमध्ये पेपरात येतं ते जॅक्सन होल! डोंगर, बर्फ, मजा आहे." आत्यानं न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधून आणलेल्या साड्यांचा विषय काढला. आणि मुलगा होता यातल्या कुठेच नाही, तर दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जिथे उन्हाळ्यात आपल्यासारखंच घामाघूम व्हायला होतं.

मंडळी, या चारही जॅक्सनांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र वाचल्या की अमेरिकेचा दोनशे वर्षांचा इतिहास बराचसा समजतो. चला तर मग.

मूळ पुरुष

जॅक हे जॉन या नावाचं लाडकं रूप. जॅकचा सन, म्हणजे मुलगा, तो जॅक्सन. नाव इंग्लंड-स्कॉटलंडकडचं, अगदी साधं, सर्वसामान्य. अमेरिकेत त्याला वजन आलं ते अँड्र्यू जॅक्सनमुळे.

हा गृहस्थ १७६७ साली उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना यांच्या सीमेवरच्या वस्तीत जन्मला. सीमेवरच असल्यामुळे 'आमच्याकडे जन्मला' असा दावा दोन्ही राज्यं करतात. (बेळगावकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको!) जन्माआधीच वडील गेलेले, पोरवयातच आईही गेली. पुढे तो वकील झाला, जमीनदार झाला, सेनापती झाला. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लीन्सच्या लढाईत त्यानं इंग्रजांचा दणदणीत पराभव केला आणि एका रात्रीत देशाचा लाडका वीर झाला. १८२९ ते १८३७ अशी आठ वर्षं तो अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष होता.

नेमक्या याच काळात अमेरिका पश्चिमेकडे पसरत होती. रोज नव्या वस्त्या, नवी ठाणी, नवे जिल्हे. प्रत्येकाला नाव हवं. आणि लोकांच्या ओठांवर एकच नाव.

टेनेसी राज्यात अलेक्झांड्रिया नावाचं एक नवं गाव होतं, १८२२ मध्ये त्याचं जॅक्सन झालं. 'केसी जोन्स' या प्रसिद्ध आगगाडी ड्रायव्हरचं घर याच गावात होतं. १९०० साली समोर उभ्या असलेल्या गाडीवर आपली गाडी आदळणार हे दिसत असूनही तो शेवटपर्यंत ब्रेक धरून राहिला. तो गेला, त्याच्या गाडीतले प्रवासी वाचले.

फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीकाठी एक वस्ती होती, तिचं इंग्रजी नाव काउफर्ड. नदीतून गुरं पलीकडे नेण्याची जागा, म्हणजे आपल्या भाषेत गायघाटच म्हणा ना. १८२२ मध्ये त्या गायघाटाचं झालं जॅक्सनव्हिल. आज ते फ्लोरिडातलं सर्वांत जास्त लोकसंख्येचं शहर आहे.

मिशिगनमधल्या जॅक्सनची गंमत और आहे. हे गाव वसलं १८२९ मध्ये, म्हणजे अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला त्याच वर्षी. डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला तो याच जॅक्सनच्या भोवती. आणि ६ जुलै १८५४ रोजी, जॅक्सन नावाच्या या गावात, ओकच्या झाडांखाली मोठी सभा भरली ती कोणाची? नव्यानं जन्माला येणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची! एका पक्षाच्या मूळ पुरुषाच्या नावाच्या गावात त्याच्या विरोधी पक्षाचं बारसं. विस्कॉन्सिनमधलं रिपन हे गाव तो मान स्वतःकडे घेतं, तो वाद वेगळा.

राजधानीची जमीन

आता आमचा भाचा जिथे आहे, त्या मिसिसिपीतल्या जॅक्सनकडे वळूया. इथून गोष्ट गमतीची राहत नाही.

पर्ल नदीकाठचा हा मुलूख चोक्टॉ या मूळ रहिवाशांचा होता. तिथे लुई लफ्लूर नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याचं ठाणं होतं, त्यामुळे गोरे लोक त्या जागेला लफ्लूरचा कडा म्हणत. १८२० मध्ये अमेरिकन सरकारनं चोक्टॉ लोकांशी डोक्स स्टँड इथे तह केला आणि पन्नास लाख एकरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली. सरकारच्या वतीनं तह करणारे दोघे होते : अँड्र्यू जॅक्सन आणि टॉमस हाइंड्स. पुढच्याच वर्षी त्या जमिनीवर नव्या राजधानीची जागा ठरली. शहराला नाव दिलं जॅक्सन, आणि ते ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव हाइंड्स. म्हणजे जमीन काढून घेणाऱ्या दोघांचीही सोय झाली. ज्यांची जमीन होती त्यांचं नाव मात्र शहरालाही नाही आणि जिल्ह्यालाही नाही.

इथेच ते थांबलं नाही. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जॅक्सननं २८ मे १८३० रोजी मूळ रहिवाशांना हलवण्याच्या कायद्यावर सही केली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या जमाती नदीपलीकडे न्यायच्या, हा त्याचा हेतू. त्या कायद्याखाली सर्वांत आधी घराबाहेर काढले गेले ते चोक्टॉच. नंतर इतरांची पाळी आली. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकललं गेलं. थंडी, उपासमार, रोगराई यांनी त्यातले साधारण चार हजार दगावले असं मानलं जातं. ती वाट अमेरिकेच्या इतिहासात 'अश्रूंची वाट' म्हणून ओळखली जाते.

काही चोक्टॉ कुटुंबं मात्र चिवटपणे मागे राहिली. त्यांचे वंशज आजही मिसिसिपीत आहेत, त्यांची स्वतःची शासनव्यवस्था आहे, आपली भाषा त्यांनी जपली आहे. 'आपलं' राज्य नसलेल्या ठिकाणी घरातली भाषा टिकवणं म्हणजे काय, हे इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या आपल्या घरांना थोडंफार ठाऊक आहे. पण एक फरक विसरायचा नाही. आपण बाहेरून येऊन तिथे रुजलो, ते लोक स्वतःच्याच गावात परके केले गेले.

त्याच नावाचे, पण त्याचे नव्हेत

प्रत्येक जॅक्सन अँड्र्यूचा नसतो, हेही सांगायला हवं. माझ्या शेअरबाजारी भावाचं जॅक्सन होल आहे वायोमिंग राज्यात, टीटन पर्वतांच्या पायथ्याशी. हे नाव आलं डेव्ही जॅक्सन या बीव्हर पकडणाऱ्या शिकाऱ्यावरून. बीव्हरच्या कातडीच्या टोप्यांना तेव्हा युरोपात मोठी मागणी होती. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट खोरं, अशा जागेला हे शिकारी 'होल' म्हणत. त्या खोऱ्यातल्या गावाचं नाव नुसतं जॅक्सन.

या चिमुकल्या गावानं १९२० साली एक मोठं काम केलं. महापौर आणि सगळी नगर परिषद, एकूण एक बायका निवडून दिल्या. आणि त्या खोऱ्यात १९८२ पासून दर ऑगस्टमध्ये जगभरच्या मध्यवर्ती बँकांचे प्रमुख जमतात, म्हणून आपल्या पेपरात ते नाव झळकतं. २००५ मध्ये तिथेच आपल्या रघुराम राजन यांनी बँकांच्या नव्या व्यवहारांतला धोका बोलून दाखवला होता. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. तीन वर्षांत जग मंदीत सापडलं.

आत्याच्या साड्यांचं जॅक्सन हाइट्स न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आहे. तिथला एक मोठा रस्ता जॉन जॅक्सन नावाच्या गृहस्थानं बांधला, त्यावरून ते नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगिच्यांच्या इमारतींची ही आटोपशीर वसाहत उभी राहिली तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना तिथे घर मिळत नसे. आज त्याच वसाहतीत चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, सोनं आणि मिठाईची दुकानं आहेत. कानावर स्पॅनिश, बंगाली, पंजाबी, नेपाळी, तिबेटी आणि मध्येच आपली मराठीही पडते. नाव तेच राहिलं, दार मात्र उघडलं.

आडनावाचं ओझं आणि मान

आता माणसांकडे येऊ. अँड्र्यू जॅक्सनची टेनेसीत हर्मिटेज नावाची मोठी कापसाची शेती होती. त्या शेतीवर राबणारे शंभराहून अधिक लोक त्याच्या मालकीचे होते. 'नोकरीला होते' असं नाही, 'मालकीचे होते'. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली तेव्हा लाखो कृष्णवर्णीय माणसांची नावं पहिल्यांदाच सरकारी कागदावर आडनावासकट लिहिली गेली. कोणी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, कोणी बाप-आज्याकडून घरात चालत आलेलं, तर कोणी सरळ स्वतः निवडलेलं. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेत जॅक्सन आडनावाचे सात लाखांहून अधिक लोक होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं आडनाव आज अमेरिकेत अधिक करून कृष्णवर्णीयांचं आडनाव आहे.

आणि त्यांनी त्या नावाचं काय केलं, ते बघा.

महेलिया जॅक्सन, न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मलेली भक्तिगीतांची गायिका. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग बोलत असताना, "स्वप्नाचं सांगा त्यांना" असं मागून ओरडली ती हीच, असं सांगतात. ज्या शहराच्या नावात तिच्या आडनावाच्या सेनापतीची कीर्ती दडली होती, त्याच शहरात ती वाढली.

जेसी जॅक्सन, १९८४ आणि १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढलेले. त्यांचं जॅक्सन हे नाव सावत्र वडिलांचं, जन्माचं आडनाव वेगळं.

मेरी जॅक्सन, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनची गणितज्ञ. इंजिनिअर व्हायचं तर गोऱ्यांच्या शाळेत भरणाऱ्या वर्गात बसायला हवं, आणि त्यासाठी हिला शहराकडे परवानगी मागावी लागली. ती मिळवून १९५८ मध्ये ती नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाली. २०२० मध्ये नासानं वॉशिंग्टनमधल्या आपल्या मुख्यालयाला तिचं नाव द्यायचं जाहीर केलं.

केटांजी ब्राउन जॅक्सन, २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेली पहिली कृष्णवर्णीय महिला. तिला हे आडनाव मिळालं लग्नानं, गोऱ्या नवऱ्याकडून. त्या न्यायालयातली ती तिसरी जॅक्सन. तिच्या आधीचे रॉबर्ट जॅक्सन न्युरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य वकील होते.

आणि काकांचा मायकेल? तो जन्मला इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात, १९५८ साली. नऊ भावंडं, आई-बाप आणि दोन झोपायच्या खोल्यांचं घर. घराचा पत्ता : २३००, जॅक्सन स्ट्रीट. आता वाटेल की रस्त्याला या मंडळींचंच नाव दिलं असेल. तसं नाही. गॅरीत त्या बाजूच्या रस्त्यांना राष्ट्राध्यक्षांची नावं ओळीनं दिली आहेत, त्यातलाच हा एक. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये हाच मायकेल मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचला. तेव्हा आमच्या घरातल्या ज्यांनी अँड्र्यूचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं, त्यांनाही जॅक्सन पाठ झाला. आज जगात कुठेही जॅक्सन म्हणा, आधी कोण आठवतो?

मग नावाचं करायचं काय?

मिसिसिपीच्या जॅक्सनमध्ये आज ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय आहे. १९६१ मध्ये बसस्थानकावर गोरे-काळे एकत्र बसले म्हणून इथे तीनशेहून अधिक तरुणांना अटक झाली. १२ जून १९६३ रोजी मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याला इथेच त्याच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. मारेकऱ्याला शिक्षा झाली ती १९९४ मध्ये, एकतीस वर्षांनी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शहराची पाणी व्यवस्थाच कोलमडली आणि दीड लाख लोकांच्या नळाला प्यायचं पाणी नव्हतं. राज्याच्या राजधानीत!

अशा शहराला त्या सेनापतीचं नाव कशाला, असं तिथल्या तरुणांना वाटलं तर नवल नाही. २०२० मध्ये नगर परिषदेनं त्याचा पुतळा नगरभवनासमोरून हलवायचा ठराव केला. वीस डॉलरच्या नोटेवर १९२८ पासून त्याचं चित्र आहे, तिथे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचं चित्र आणायची घोषणा २०१६ मध्ये झाली. (खरं तर अँड्र्यूचा कागदी पैशावर मुळीच विश्वास नव्हता, त्यामुळे नोटेवर त्यालाही फारसं सुख होत नसेल.) पण शहराचं नाव तेच आहे. विमानतळाच्या नावात मात्र २००४ मध्ये एक भर पडली. आता तो जॅक्सन-मेडगर वायली एव्हर्स आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. आमच्या भाच्याच्या तिकिटावर पहिल्यांदा हे लांबलचक नाव वाचलं आणि मी ते कोण म्हणून शोधायला बसलो. हा लेख तिथूनच सुरू झाला.

मला विचाराल तर जुनं नाव पुसण्यापेक्षा हा उपाय मला जास्त पटतो. नाव पुसलं की गुन्ह्याचा पुरावाही जातो. जुन्याच्या शेजारी नवं नाव लिहिलं की दोघांची गोष्ट सांगावी लागते. पण हे मी बडोद्यात बसून लिहितोय. ज्यांच्या पणज्याला त्या जमिनीवरून हाकललं, त्या चोक्टॉ घरातल्या मुलीला हे पटेलच असं नाही, आणि तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वजनाचं आहे. तुमच्यातल्या कोणाला वेगळं वाटत असेल तर जरूर लिहून पाठवा.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. तुमचं आडनाव '-कर' असेल तर ते गाव नकाशावर शोधा. कोणत्या तालुक्यात आहे, नदी कोणती, आपली माणसं तिथून कधी आणि का निघाली, हे आजीला विचारा. आडनाव '-कर' नसेल तर ते कुठून आलं ते विचारा. हुद्द्यावरून, धंद्यावरून, की कोणी दिलेलं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा : त्या गावात आपल्याबरोबर आणखी कोण राहत होतं, ज्यांना गावाचं नाव आडनाव म्हणून लावता आलं नाही? वेशीबाहेर ज्यांची घरं होती, ते? या प्रश्नावर आजी थोडी थांबेल. तिला वेळ द्या. उत्तर मिळालं तर लिहून ठेवा, कारण ते कुठल्याही पाटीवर सापडणार नाही.